चेतापेशी आणि त्यांचे संदेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेतापेशींबद्दल वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे अगदी प्राथमिक आहेत. शेवटचे चार शाळेत शिकलेल्या नियमांना छेद देणारे आहेत. घाई असेल तर निदान ४, ५ आणि ६ वाचा. बाकीची बरीचशी उत्तरं त्या तिघांवरच उभी आहेत.

१. चेतापेशी म्हणजे नेमकं काय? इतर पेशींपेक्षा ती वेगळी कशात?

आतलं सामान इतर पेशींसारखंच असतं : केंद्रक, मायटोकाँड्रिया, प्रथिनं बनवणारी यंत्रणा, आणि भोवती स्निग्ध पदार्थांचं पातळ पटल. वेगळेपण आहे ते आकारात आणि पटलाच्या गुणात. मधल्या फुगीर भागाला पेशीदेह म्हणतात. त्याला आखूड फाटे फुटलेले असतात, ते डेंड्राइट किंवा वृक्षिका. येणारे संदेश बहुतेक तिथेच घेतले जातात. शिवाय एक लांब तंतू निघतो, तो अ‍ॅक्सॉन किंवा अक्षतंतू. त्याच्यावरून संदेश पुढे जातो.

ही लांबी किती असावी? पेशीदेह मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा, पण कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा अ‍ॅक्सॉन जवळजवळ मीटरभर. लागणारी प्रथिनं मात्र मुख्यतः पेशीदेहातच तयार होतात, त्यामुळे ती टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात. सर्वात वेगवान वाहतूक दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर होते. म्हणजे कंबरेशी तयार झालेला माल बोटाशी पोहोचायला दोन-तीन दिवस लागतात, आणि संदेश तेच अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात कापू शकतो.

२. दबलेली ‘नस’ आणि चेतापेशी एकच का?

नाही. हातापायांत जाणारी चेता, जिला आपण बोलताना नस म्हणतो, ती हजारो अ‍ॅक्सॉनची जुडी असते. त्यांच्याबरोबर बारीक रक्तवाहिन्या आणि आवरणंही असतात. ज्या पेशींचे हे अ‍ॅक्सॉन, त्यांचे पेशीदेह सहसा तिथे नसतातच. ते मज्जारज्जूत किंवा त्याच्या लगतच्या गाठींमध्ये असतात. रक्त वाहून नेणारी शीर ही पूर्णपणे वेगळी गोष्ट.

३. मेंदूत १०० अब्ज चेतापेशी असतात की ८६ अब्ज?

८६ अब्ज. १०० अब्ज हा अंदाज वर्षानुवर्षं पुस्तकांमधून फिरत राहिला. २००९ साली सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूची ऊती विरघळवून सुटी झालेली केंद्रकं मोजली, तेव्हा सरासरी सुमारे ८६ अब्ज हा आकडा आला. त्यातल्या जवळपास ६९ अब्ज चेतापेशी एकट्या अनुमस्तिष्कात, म्हणजे मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात, आहेत, आणि वजनाने तो मेंदूचा जेमतेम दहावा भाग! विचार, भाषा वगैरेंशी आपण ज्या बाह्य थराचं नाव जोडतो, त्याच्या वाट्याला सुमारे १६ अब्जच येतात. ‘चेतापेशींच्या दहापट आधारपेशी असतात’ हे विधानही याच मोजणीत पडलं. दोन्हींची संख्या साधारण सारखीच भरली.

४. चेतापेशीतून वीज वाहते म्हणजे तारेतून वाहते तशीच का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहे. तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीच्या दिशेने सरकतात. चेतापेशीत मुख्य हालचाल आडवी होते. सोडिअम आणि पोटॅशिअमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, पटलातून बाहेरून आत आणि आतून बाहेर जातात. लांबीच्या दिशेने पुढे जातो तो हा आतबाहेर होण्याचा प्रसंग. डोक्याशी आत शिरलेला सोडिअमचा आयन पायापर्यंत प्रवास करत नाही.

मैदानात प्रेक्षकांची लाट उठते तेव्हा प्रत्येक जण आपल्याच जागी उभा राहतो आणि खाली बसतो. लाट मात्र मैदानाला फेरी मारते. नुकताच बसलेला लगेच पुन्हा उठत नाही, म्हणून लाट मागे वळत नाही; हाही मुद्दा पुढे प्रश्न ९ मध्ये उपयोगी पडेल.

थोडा विद्युतप्रवाह अ‍ॅक्सॉनच्या आतून लांबीच्या दिशेनेही जातो, पण फार दूर नाही. तांब्याच्या मानाने पेशीतलं खारं पाणी अगदीच सुमार वाहक, त्यात पटल गळकं. नुसता ढकलून दिलेला विद्युत दाब (म्हणजे व्होल्टेज) एखाद-दुसऱ्या मिलिमीटरमध्ये विरून जातो. तो विरायच्या आत शेजारच्या पटलाला पेटवतो, ते त्याच्या शेजारच्याला, आणि प्रत्येक ठिकाणी संदेश पूर्ण ताकदीने नव्याने तयार होतो. त्यामुळे मीटरभर अंतर गेल्यावरही तो निघाला तेवढाच जोरकस असतो. साध्या तारेला हे जमत नाही.

५. पेशी काहीच करत नसते तेव्हाही आत −७० मिलिव्होल्ट असतात. हे येतात कुठून?

दोन गोष्टी मिळून हे घडतं : एक पंप आणि एक गळती.

पटलातला पंप दर फेरीला सोडिअमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशिअमचे दोन आत घेतो. ही यंत्रणा येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली दाखवली आणि त्यासाठी त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं. सतत चाललेल्या या कामामुळे पोटॅशिअम आत बाहेरच्या तीसेक पट होतं, आणि सोडिअम बाहेर आतल्यापेक्षा दहा-बारा पट.

आता गळती. शांत पेशीच्या पटलात पोटॅशिअमसाठी काही वाटा कायम उघड्या असतात. आत गर्दी असल्याने पोटॅशिअम बाहेर झिरपतं आणि जाताना आपला धनभार घेऊन जातं. आतली बाजू ऋण होत जाते. ती जितकी ऋण होईल, तितकी ती पोटॅशिअमला मागे ओढते. सुमारे −९० मिलिव्होल्टला ही ओढ आणि गळती बरोबरीत येतात. प्रत्यक्षात थोडं सोडिअमही आत झिरपत असतं, म्हणून आकडा −७० च्या आसपास थांबतो.

‘तीन बाहेर, दोन आत, म्हणून आत ऋण’ असा सरळ हिशेब बरेच जण मांडतात. त्याचा थेट वाटा काही मिलिव्होल्टांचाच असतो. पंपाचं खरं काम आहे ते साठ्यातला फरक राखणं. व्होल्टेज उभं करते ती गळती.

७० मिलिव्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण ते पडलेले असतात जेमतेम सात-आठ नॅनोमीटर जाडीच्या पटलावर. मीटरच्या हिशेबात ही तीव्रता एक कोटी व्होल्टच्या घरात जाते. या ताणाखाली बसलेल्या प्रथिनांचे दरवाजे दाब जरासा बदलला तरी हलतात, यात मग नवल नाही.

६. संदेश निघतो त्या क्षणी काय घडतं?

पेशीच्या आतला दाब कुठल्याही कारणाने −७० वरून साधारण −५५ पर्यंत चढला की सोडिअमचे दरवाजे उघडू लागतात. हे दरवाजे व्होल्टेजला प्रतिसाद देणारे आहेत. सोडिअम आत घुसतं, आत आणखी धन होतं, त्यामुळे आणखी दरवाजे उघडतात, आणखी सोडिअम येतं. ही चढाओढ एकदा सुरू झाली की मध्ये थांबत नाही. मिलिसेकंदाच्याही आत दाब शून्य ओलांडून +३० ते +४० मिलिव्होल्टपर्यंत जातो.

तिथे दोन गोष्टी त्याला खाली आणतात. सोडिअमचे दरवाजे आपोआप आतून अडकतात. नुसते बंद होत नाहीत तर कुलूप लागल्यासारखे निष्क्रिय होतात. (हा फरक लक्षात ठेवा, प्रश्न २२ त्याच्यावरच आहे.) आणि पोटॅशिअमचे जादा दरवाजे, जे जरा सावकाश उघडतात, ते एव्हाना उघडलेले असतात. पोटॅशिअम बाहेर पडतं आणि आतली बाजू पुन्हा ऋण होते, क्षणभर नेहमीपेक्षाही जास्त ऋण. सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा. त्याला क्रियाविभव किंवा चेता आवेग म्हणतात.

हे कळलं ते माखली-वर्गातल्या स्क्विड या सागरी प्राण्यामुळे. त्याचा महाकाय अ‍ॅक्सॉन अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो, म्हणजे आत विद्युताग्र सरकवता येण्याइतका. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९३९ मध्ये तसं केलं. दाब नुसता शून्यावर येईल अशी त्या काळची अपेक्षा होती. तो शून्य ओलांडून धन झालेला दिसला. मग महायुद्ध आलं आणि काम अडलं. १९५२ मध्ये त्यांनी समीकरणांसह पूर्ण खुलासा छापला. ती समीकरणं हक्सलींनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती. १९६३ चं नोबेल त्यांना जॉन एकल्स यांच्यासह मिळालं. एकेकट्या दरवाजातून जाणारा प्रवाह मोजणं १९७६ साली एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांना जमलं, म्हणजे दरवाजे ‘दिसायच्या’ कितीतरी आधी त्यांचं गणित बरोबर मांडून झालं होतं.

७. प्रत्येक संदेशानंतर पंप सगळे आयन जागेवर आणतो आणि मगच पुढचा संदेश निघतो ना?

नाही. दाब खाली आणण्याचं काम पोटॅशिअमच्या दरवाजांचं (प्रश्न ६). एका संदेशात इकडचे तिकडे होणारे आयन एकूण साठ्याच्या मानाने नगण्य असतात. विष घालून पंप बंद पाडला, तरी स्क्विडचा जाड अ‍ॅक्सॉन हजारो संदेश पाठवत राहतो. बारीक अ‍ॅक्सॉनचा साठा लवकर खालावतो, पण तिथेही पंप प्रत्येक संदेशामागे धावत नाही. तो कायम मागची देणी फेडत असतो. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के असून २० टक्के ऊर्जा वापरतो, त्यातला मोठा भाग याच देण्यांवर खर्च होतो.

८. सगळे संदेश सारख्याच ताकदीचे असतील, तर हलका स्पर्श आणि जोराचा फटका यांतला फरक कसा कळतो?

संख्येवरून. जोराचा दाब पडला की त्याच तंतूवरून सेकंदाला जास्त संदेश येतात आणि आजूबाजूचे जास्त तंतूही कामाला लागतात. एडगर एड्रियन यांनी १९२६ मध्ये एकेकट्या संवेदी तंतूवर हे दाखवलं. १९३२ चं नोबेल त्यांना आणि चार्ल्स शेरिंग्टन यांना विभागून मिळालं.

संवेदना कसली आहे, हे संदेशाच्या रूपावरून ओळखता येत नाही. संदेश कुठल्या तंतूवरून आला यावर ते ठरतं. डोळे मिटून पापणीवर बोटाने हलकेच दाबा : प्रकाश नाही, तरी उजेडाचा ठिपका दिसतो. दाब दृष्टिपटलाला लागतो, पण तिथून निघणारी वाट दृष्टीची असल्याने मेंदू त्याला उजेडच समजतो. कोपराच्या आतल्या बाजूला काही आपटलं की झिणझिण्या करंगळीत येतात, त्याचंही कारण हेच. आपटली ती कोपरावरून जाणारी चेता, पण मेंदूच्या लेखी त्या तंतूंचा पत्ता करंगळीचा.

९. संदेश उलट दिशेने का जात नाही?

अ‍ॅक्सॉनला दिशेचं बंधन नाही, हे अनेकांना पटत नाही. मधोमध विजेचा झटका दिला तर संदेश दोन्ही बाजूंना धावतो. हातापायांच्या चेतांची एनसीव्ही (चेतेतल्या संदेशाचा वेग मोजणारी) तपासणी करताना कधी कधी मुद्दाम उलट दिशेचा संदेशच मोजतात. नेहमीच्या व्यवहारात संदेश एका टोकाला सुरू होतो आणि नुकताच वापरलेला मागचा भाग सोडिअमचे दरवाजे निष्क्रिय असल्यामुळे मिलिसेकंदभर पुन्हा पेटू शकत नाही. म्हणून तो पुढेच जातो. खरी एकमार्गी जागा आहे दोन पेशींमधला सांधा. त्यासाठी प्रश्न १३.

१०. संदेशाचा वेग किती? तो मोजला कोणी?

एकच वेग नाही. माणसात सेकंदाला अर्धा मीटर ते सुमारे १२० मीटर एवढा पसारा आहे. वरचं टोक ताशी चारशे किलोमीटरच्या पुढे जातं, खालचं टोक रमतगमत चालणाऱ्या माणसाएवढं.

पहिली मोजणी हर्मान फॉन हेल्महोल्त्स यांची, १८५० च्या सुमाराची. त्यांचे गुरू योहानेस म्यूलर यांच्या मते हा वेग कधी मोजता येणं शक्यच नव्हतं. हेल्महोल्त्स यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू त्याच्या चेतेसकट घेतला. आधी स्नायूच्या जवळ झटका दिला, मग लांब, आणि दोन्ही वेळा स्नायू आखडायला लागलेला वेळ टिपला. दोन्ही वेळांत स्नायूचा स्वतःचा विलंब सारखाच, म्हणून वजाबाकीत तो निघून गेला. उरला तो फक्त मधल्या तुकड्याचा प्रवास. उत्तर आलं सेकंदाला २५ ते ३० मीटर. नुसत्या वजाबाकीने अशक्य वाटलेली मोजणी करून दाखवणारा इतका नेटका प्रयोग शरीरशास्त्रात दुसरा सांगणं कठीण.

११. मायलिन काय करतं?

अ‍ॅक्सॉनभोवती गुंडाळलेलं स्निग्ध आवरण म्हणजे मायलिन. मेंदू आणि मज्जारज्जूत ते ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी गुंडाळतात, बाहेरच्या चेतांमध्ये श्वान (Schwann) पेशी. ते गळती थांबवतं, त्यामुळे दाब न विरता बराच पुढे जातो. साधारण दर मिलिमीटरला आवरणात एक बारीकशी फट असते, तिला रॅनव्हिएची गाठ म्हणतात. सोडिअमचे दरवाजे तिथे दाटीवाटीने असतात. संदेश पुन्हा तयार होतो तो फक्त या फटींमध्ये.

फायदा केवढा, ते पाहा. स्क्विडला सेकंदाला पंचवीसेक मीटरचा वेग गाठायला अर्धा मिलिमीटर जाडीचा उघडा अ‍ॅक्सॉन लागतो. मायलिन असलेल्या तंतूला तोच वेग काही मायक्रोमीटर जाडीत मिळतो. आपल्या चेता उघड्या असत्या तर मज्जारज्जू धडात मावला नसता.

हे आवरण खराब झालं की संदेश मंदावतात किंवा वाटेतच विरतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतलं मायलिन बिघडतं. गियाँ-बारे या आजाराच्या नेहमीच्या प्रकारात बाहेरच्या चेतांमधलं.

१२. ठेच लागली की आधी चटकन कळ येते आणि थोड्या वेळाने ठणका सुरू होतो. दोनदा का?

वेदनेचे तंतू दोन प्रकारचे आहेत म्हणून. पातळ मायलिन असलेले तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने बातमी नेतात. तीक्ष्ण, नेमक्या जागेची कळ त्यांच्यामुळे. मायलिन नसलेले बारीक तंतू सेकंदाला मीटरभर चालतात. पसरट ठणका त्यांचा. अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंत अंतर सुमारे एक मीटर, म्हणजे दुसरी बातमी जवळपास सेकंदभर उशिरा येते. पुढच्या वेळी ठेच लागेल तेव्हा बघा, मधली ती शांतता चांगली जाणवते. येणार आहे हे ठाऊक असूनही काही करता येत नाही.

१३. एका पेशीतून दुसऱ्या पेशीत संदेश जातो कसा?

बहुतेक ठिकाणी दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये २० ते ४० नॅनोमीटरची फट असते. या सांध्याला सिनॅप्स किंवा संपर्कस्थान म्हणतात. संदेश अ‍ॅक्सॉनच्या टोकाशी पोहोचला की कॅल्शिअमचे दरवाजे उघडतात. कॅल्शिअम बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतं, त्यामुळे ते लोंढ्याने आत येतं. तिथे रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला लागून तयारच असतात. प्रत्येकीत काही हजार रेणू. कॅल्शिअम आल्याबरोबर पिशव्या पटलात मिसळून फटीत रिकाम्या होतात. पलीकडच्या पेशीवरची ग्राहक प्रथिनं ते रसायन पकडतात आणि तिथले दरवाजे उघडतात. सगळ्याला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. पिशव्या एका बाजूला आणि ग्राहक दुसऱ्या, म्हणून वाट एकमार्गी.

बोट्युलिनम विष, जे बोटॉक्स म्हणून टोचतात, ते या पिशव्या पटलात मिसळवणारी प्रथिनं कापतं. संदेश स्नायूच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि आत जात नाही.

१४. मधे रसायन असतं, वीज नव्हे, हे सिद्ध कसं झालं?

ओटो लोवी यांच्या १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने. त्यांना तो स्वप्नात सुचला ही गोष्ट सगळे सांगतात. प्रयोग मात्र कमी लोकांना माहीत असतो. बेडकाची दोन हृदयं खारट द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याला जोडलेली व्हेगस चेता विजेने चेतवली, ठोके मंदावले. मग त्या हृदयाच्या आसपासचं द्रावण काढून दुसऱ्या हृदयाला दिलं. त्याला कुठलीही चेता चेतवलेली नव्हती, तरी तेही मंदावलं. पाण्यातून जाऊ शकेल अशी गोष्ट रसायनच असणार. ते अ‍ॅसिटिलकोलिन असल्याचं पुढे ठरलं आणि लोवी यांना हेन्री डेल यांच्यासह १९३६ चं नोबेल मिळालं.

१५. शेकडो पेशी एकाच पेशीला संदेश पाठवतात. मग ती ऐकते कोणाचं?

सगळ्यांचं, आणि मग बेरीज-वजाबाकी करते. काही सांधे दाब थोडा चढवतात. मेंदूत हे काम मुख्यतः ग्लुटामेट या रसायनाचं. काही त्याला रोखतात. तिथे बहुधा गाबा हे रसायन असतं. एकट्या सांध्याचा परिणाम बहुधा मिलिव्होल्टच्याही आत असतो. अ‍ॅक्सॉन जिथून निघतो त्या जागी सगळ्यांची बेरीज होऊन −५५ चा उंबरठा ओलांडला गेला तर संदेश निघतो, नाहीतर नाही. सांध्यांवरचा हिशेब कमी-जास्त होऊ शकतो. अ‍ॅक्सॉनवर फक्त हो किंवा नाही.

१६. फटीत सोडलेल्या रसायनाचं पुढे काय होतं?

ते लगेच हटवावं लागतं, नाहीतर पुढचा संदेश ओळखूच येणार नाही. ग्लुटामेट, सेरोटोनिन, डोपामिन वगैरे पंपांनी परत ओढून घेतले जातात. नैराश्यावरची बरीच औषधं सेरोटोनिनचं हे परत ओढणं रोखतात. ते रोखणं काही तासांत घडतं, पण मनःस्थितीत फरक पडायला काही आठवडे जातात. तेव्हा ‘सेरोटोनिन कमी पडलं, गोळीने भरून काढलं’ एवढं ते सोपं नाही.

अ‍ॅसिटिलकोलिनला मात्र एक एन्झाइम जागच्या जागी तोडतं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं हेच एन्झाइम निकामी करतात. मग लाळ आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नाही, स्नायू फडफडतात, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच लुळे पडतात.

१७. दाताची भूल नेमकं काय करते? आणि पू झाला असेल तर ती नीट का लागत नाही?

लिडोकेन हे भुलीचं औषध सोडिअमचे दरवाजे आतल्या बाजूने अडवतं, त्यामुळे प्रश्न ६ मधली चढाओढ सुरूच होत नाही. दात तिथेच आहे, इजा होते आहे, बातमी मात्र निघत नाही. बारीक तंतू आधी बंद पडतात, म्हणून दाब आणि ओढ जाणवते पण दुखत नाही.

आत जायला औषधाला पटल ओलांडावं लागतं, आणि ते फक्त त्याच्या विद्युतभार नसलेल्या रूपाला जमतं. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते. तिथे औषधाचे बहुतेक रेणू भारित होऊन बाहेरच अडकतात. भूल कमी पडण्याचं हे एक महत्त्वाचं कारण.

१८. पाय दुमडून बसलं की मुंग्या का येतात?

चेतेवर बराच वेळ दाब पडतो, तिचा रक्तपुरवठा घटतो आणि पंपांना ऊर्जा पुरत नाही. आधी पाय बधिर होतो. दाब सुटल्यावर सावरणारे तंतू कारण नसताना संदेश झाडू लागतात, त्या मुंग्या. काही मिनिटांत जातात. वारंवार येत असतील, कारणाशिवाय येत असतील किंवा सोबत ताकद कमी वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

१९. तुटलेली किंवा मेलेली चेतापेशी परत येते का?

हातापायातला अ‍ॅक्सॉन तुटला आणि पेशीदेह शाबूत असला तर तो पुन्हा वाढू शकतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटाशी झालेली जखम असेल तर बोटाच्या टोकाची संवेदना परतायला काही महिने धरून चाला. मेंदू आणि मज्जारज्जूत ही वाढ जवळजवळ होत नाही. तिथलं वातावरणच तिला रोखतं.

संपूर्ण पेशी मेली तर बहुतेक ठिकाणी तिच्या जागी नवी येत नाही. प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला स्मरणाशी संबंधित भाग) नव्या पेशी जन्मतात का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. २०१८ साली दोन गटांनी याची अगदी उलटसुलट उत्तरं छापली.

२०. संदेश नेहमी डेंड्राइट, पेशीदेह, अ‍ॅक्सॉन याच क्रमाने जातो ना?

पुस्तकातल्या आकृतीत, हो. पण त्वचेतून स्पर्श आणणाऱ्या पेशी ही आकृती पाळत नाहीत. त्यांचा पेशीदेह मज्जारज्जूशेजारच्या गाठीत असतो आणि त्यातून एकच देठ निघून दोन फांद्यांत विभागतो. एक त्वचेकडे, दुसरी मज्जारज्जूकडे. संदेश त्वचेत सुरू होतो आणि पेशीदेहाची वाट न पाहता एका फांदीतून सरळ दुसरीत जाऊ शकतो. पेशीदेह बाजूला बसून फक्त पोसण्याचं काम करतो.

सांध्यांनाही अपवाद आहे. काही पेशी सूक्ष्म नळ्यांनी थेट जोडलेल्या असतात. तिथे रसायन नाही, विलंब जवळपास नाही आणि बऱ्याचदा वाट दुतर्फा. एडविन फर्शपन आणि डेव्हिड पॉटर यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी झिंग्याच्या जातीतल्या क्रेफिशमध्ये असा विद्युत सांधा दाखवला. गंमत म्हणजे तो एकाच दिशेने चालणारा निघाला, म्हणजे अपवादाचाही अपवाद.

२१. उजेड पडला की डोळ्यातल्या पेशी चेतवल्या जातात, बरोबर?

उलट. प्रकाश टिपणाऱ्या शंकू आणि दंड पेशी अंधारात जास्त कामात असतात. अंधारात त्यांचा दाब −४० मिलिव्होल्टच्या आसपास असतो आणि त्या ग्लुटामेट सतत सोडत राहतात. उजेड पडला की धन आयन आत आणणारे दरवाजे मिटतात, दाब आणखी ऋण होतो आणि ग्लुटामेट घटतं. पुढच्या पेशी ही घटच वाचतात. शिवाय या पेशी प्रश्न ६ मधला संदेश पाठवतच नाहीत. दाब थोडाथोडा वर-खाली होतो तेवढाच. अंतर मिलिमीटरच्या अंशाचं असल्याने त्यावर भागतं.

२२. रक्तात पोटॅशिअम वाढलं तर चेता आणि स्नायू जास्त उत्तेजित व्हायला हवेत. मग स्नायू लुळे पडून हृदय बंद का पडतं?

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. बाहेर पोटॅशिअम वाढलं की आतून होणारी गळती कमी होते (प्रश्न ५) आणि आतली बाजू कमी ऋण राहते, म्हणजे उंबरठ्याच्या जवळ येते. सुरुवातीला पेशी खरोखरच चटकन पेटतात.

पण सोडिअमच्या दरवाजांना ‘बंद’ आणि ‘निष्क्रिय’ अशा दोन अवस्था आहेत. निष्क्रिय झालेला दरवाजा पुन्हा कामाला यायचा तर दाब पुरेसा ऋण व्हावा लागतो. पोटॅशिअम चढलेलंच राहिलं तर दाब तितका खाली येत नाही आणि एकेक दरवाजा निष्क्रिय होऊन तसाच राहतो. काम करणारे दरवाजे पुरेसे उरले नाहीत की उंबरठा ओलांडूनही संदेश निघत नाही. रक्तातलं पोटॅशिअम लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असावं लागतं. ते फार वाढलेल्या रुग्णाला डॉक्टर शिरेतून कॅल्शिअम देतात. त्याने पोटॅशिअम जराही कमी होत नाही, फक्त हृदयाच्या पेशींना थोडा वेळ स्थैर्य येतं. तेवढ्यात इन्शुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशिअम पेशींच्या आत ढकलतात.